पहाट किती वाजता होते?

कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाचे, म्हणजे २७ फेब्रुवारीचे, नाशिकला अप्रूप असणे स्वाभाविक आहे. त्या दिवशी या शहरात मराठी भाषेविषयी जितके बोलले जाते तितके उरलेल्या वर्षभरात बोलले जात नसावे. अशाच एका परिसंवादात एका वक्त्याने काळाविषयीच्या शब्दांचा विषय काढला. कातरवेळ गेली, तिन्हीसांजा गेल्या, झुंजुमुंजू गेले, घटका आणि प्रहर केव्हाच गेले. संगणकाच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या घड्याळाने मराठी माणसाचा काळच हिरावून घेतला, असा एकूण सूर होता. टाळ्या जोरात पडल्या. मीही वाजवल्या. घरी येऊन संगणक उघडला आणि त्या टाळ्यांची लाज वाटली. ती का वाटली, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

माझ्या संगणकावर पडद्याच्या वरच्या कडेला, ज्याला मेनूबार म्हणतात त्या पट्टीत, एक लहानसे घड्याळ आहे. यंत्राबरोबर आलेले नव्हे, नंतर उतरवून घेतलेले. अशी घड्याळे फुकट मिळतात. इट्सीकॅल हे त्यांपैकी एक. वेळ आणि वार कोणत्या क्रमाने, कोणत्या रूपात दिसावे हे त्यात आपण ठरवू शकतो. त्यासाठी एका चौकटीत काही अक्षरे लिहायची असतात: तासासाठी एक, मिनिटासाठी एक, वारासाठी एक. या अक्षरांत रोमन 'बी' हेही एक अक्षर आहे. त्याचा अर्थ असा, की केवळ एएम-पीएम न लिहिता दिवसाचा भाग त्या त्या भाषेतल्या शब्दाने लिही. यंत्राची भाषा मराठी ठेवून ते अक्षर लिहिले, की आकडे देवनागरी होतात आणि त्यांच्याजवळ पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र यांपैकी योग्य तो शब्द येऊन बसतो. 'हिरावून घेतलेला' काळ यंत्रातच होता. आपण तो मागितला नव्हता, इतकेच.

तेव्हा त्या तक्रारीची नीट छाननी व्हायला हवी. तिच्यात दोन चुका आहेत, आणि त्या दोन्ही साहित्याच्या अभ्यासकाला न शोभणाऱ्या आहेत.

पहिली चूक इतिहासाची. आपला स्थानिक काळ संगणकाने घेतलेला नाही. तो संगणकाच्या कितीतरी आधी, रेल्वे आणि तारायंत्राच्या युगात गेला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे मिर्झापूरच्या आसपासच्या सूर्यावर, बेतलेली आहे. नाशिक त्या रेषेच्या पश्चिमेला पावणेनऊ अंशांच्या आसपास येते आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात. म्हणजे आपल्या डोक्यावर सूर्य येतो तेव्हा घड्याळात सरासरीने बारा वाजून पस्तीस मिनिटे झालेली असतात. मुंबईची स्वतःची वेळ प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे होती, आणि ती सोडायला मुंबईने विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत खळखळ केली. जानेवारी १९०६ मध्येच तिथल्या गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडले होते. घड्याळाचे काटे पुढे सरकवले की सूर्याच्या हिशोबाने तितके आधी कामावर हजर व्हावे लागते, हे त्यांना कोणत्याही परिसंवादाशिवाय कळले होते. काळ हिरावला जाणे म्हणजे काय ते त्यांनी अंगावर सोसले. आपण त्यांचे दुःख उसने घेतो आणि दोष मात्र मेनूबारवरच्या एका निरुपद्रवी घड्याळाला देतो.

दुसरी चूक अभिरुचीची. 'आपला' जुना काळ म्हणजे काहीतरी धूसर, हळवे, काव्यमय होते आणि यंत्राचा काळ तेवढा कोरडा व काटेकोर, अशी एक समजूत आपल्या समीक्षेत घर करून आहे. वस्तुतः घटका ही चोवीस मिनिटांची. साठ घटकांचा एक अहोरात्र, साठ पळांची एक घटका, साठ विपळांचे एक पळ. म्हणजे एक विपळ सेकंदाच्या निम्म्याहूनही कमी. तळाला बारीक छिद्र पाडलेले तांब्याचे घटिकापात्र पाण्यावर सोडायचे आणि ते भरून बुडाले की घटका झाली म्हणायचे, या व्यवस्थेत हळवे काय आहे? लग्नाचा मुहूर्त चुकू नये म्हणून त्या पात्रावर डोळे लावून बसणारा माणूस आपल्याइतकाच घड्याळाचा बांधलेला होता. आपण मात्र भाषेतून नेमकेपणाचे शब्द वगळले, कातरवेळेसारखे शब्द तेवढे जपून ठेवले, आणि मग मराठीत काळ मोजला जात नाही, नुसता अनुभवला जातो, असे म्हणू लागलो. भाषेला दुबळी करण्याची ही अत्यंत सभ्य रीत आहे.

आता खऱ्या तक्रारीकडे येतो, कारण तक्रार आहेच. पहाट कधी सुरू होते आणि कधी संपते, हे यंत्राला कोणीतरी सांगावे लागते. त्यासाठी तक्ते असतात आणि ते तक्ते माणसांनी भरलेले असतात. संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी वर्षानुवर्षे वापरलेला 'मोमेंट' नावाचा एक मुक्त आज्ञासंग्रह आहे. त्याच्या मराठी तक्त्यात रात्री बारापासून सकाळी सहापर्यंतच्या सगळ्या काळाला 'पहाटे' म्हटले आहे. म्हणजे मध्यरात्री साडेबारा वाजता यंत्र म्हणणार, 'पहाटे १२:३०'. चित्रपटाचा शेवटचा खेळ सुटून माणसे घरी निघाली आहेत आणि पहाट झाली! तिसरीतल्या मुलानेही हसावे अशी ही चूक आहे. परंतु ज्याने तो तक्ता भरला त्याला मी हसणार नाही. त्याने निदान मराठी शब्द लिहिण्याचे कष्ट घेतले. आपण काय घेतले?

सहा वाजताची सीमारेषाही पाहा. २७ फेब्रुवारीला नाशिकमध्ये सूर्य सातला थोडा अवकाश असताना उगवतो. त्या दिवशी सहा वाजून पाच मिनिटांनी रामकुंडावर उभे राहिले तर आकाशात अजून तारे असतात. तक्ता म्हणतो, 'सकाळी'. जूनच्या आरंभी सूर्य सहाच्या आतच वर येतो. तेव्हा सहाला दोन मिनिटे कमी असताना अंगणात ऊन उतरलेले असते; तक्ता म्हणतो, 'पहाटे'. नागपूरला हाच सूर्य आपल्यापेक्षा वीसेक मिनिटे आधी दिसतो, तक्ता मात्र दोन्हीकडे एकच. यावर कोणी म्हणेल, की आपण तरी फेब्रुवारीत 'सकाळी सहा'च म्हणतो ना? म्हणतो, हे मान्य. पण तो वापर केव्हा रुजला, घड्याळाने रुजवला की त्याआधीपासून होता, शेतावरचा माणूस आणि पाळीवरचा कामगार तो सारखाच करतात का, 'उजाडता' आणि 'पहाटे' यांची सीमा खानदेशात आणि कोकणात एकच आहे का? हे प्रश्न भाषेचे आहेत, म्हणून आपले आहेत.

'हे तंत्रज्ञांचे काम, साहित्याच्या माणसाचे नव्हे', हा आक्षेप मला ठाऊक आहे. स्टाफरूममध्ये तो नेहमी ऐकू येतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्या कामात त्याच्याबरोबर मराठी शास्त्रीमंडळी राबली होती. छपाई हे तंत्रज्ञांचे काम आहे, असे म्हणून ती घरी बसली असती तर आज आपण कशाच्या आधारे शब्दांचे अर्थ भांडून ठरवले असते? यंत्रातला भाषेचा तक्ता हा आजचा कोशच आहे. फरक इतकाच, की कोश आपण अडल्यावर उघडतो आणि हा तक्ता न उघडता दिवसातून शंभरदा वाचतो. युनिकोडच्या ज्या सामायिक संग्रहातून आपल्या यंत्रांना मराठी महिने, वार आणि प्रहरांची नावे मिळतात, तो संग्रह बाहेरच्या माणसांच्या सूचना आणि मते घेऊनच घडतो. दार बंद नाही. दारावर आपण थाप मारलेली नाही.

दुसरा आक्षेप असा, की फुकटच्या वस्तूला काय नावे ठेवायची. उलट आहे. जी वस्तू विकत घेतली तिच्यात बदल करणे विकणाऱ्याच्या मर्जीवर असते. जिची मांडणी सर्वांना खुली आहे ती चुकीची राहिली तर तो दोष आपल्याही पदरी येतो. फुकट आणि मुक्त यांतला हा भेद साहित्याच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावा लागू नये. ओवी आणि लोकगीत फुकट होते म्हणून नव्हे, मुक्त होते म्हणून टिकले.

म्हणून एक साधी सूचना. या वर्षी एम. ए.च्या वर्गाला 'मराठी कवितेतील संध्याकाळ' हा विषय देऊ नये. तो पुष्कळ झाला. त्याऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावातल्या दहा माणसांना विचारावे, की पहाट किती वाजता होते आणि किती वाजता संपते. त्यांत एक दूधवाला असावा, एक रात्रपाळीचा कामगार, एक द्राक्षबागायतदार, एक आजी. उत्तरे महिन्यासह आणि गावासह नोंदवावीत. जमले तर त्या नोंदींचा तक्ता करून जिथे पाठवायला हवा तिथे पाठवावा. जमले नाही तरी निदान पहाटेविषयी आपल्याला काहीएक ठाऊक असेल.

तोवर २७ फेब्रुवारीच्या व्यासपीठावरून पहाटेसाठी गळा काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. माझ्या मेनूबारवर ती रोज येते. आपली तिथे गैरहजेरी लागते.