विश्लेषण : कळ कुणी दाबलीच नाही, तर संगणक कोणत्या वाटेने जाईल?

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि साधारण २०१८ च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतले असंख्य संगणक एका तारखेला जुने ठरले. शहरातल्या कार्यालयात यंत्र बदलले जाईल. पण कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी या नावाच्या ज्या वस्त्या आहेत, तशा एखाद्या वाडीवर शाळेत किंवा घरात एकुलता एक संगणक असेल, तर तो बदलणे सोपे नाही. अशा यंत्रावर विंडोजशेजारी लिनक्स बसवणे हा बिनखर्चाचा मार्ग आहे. मात्र डिस्कची वाटणी आणि बूट लोडरची निवड ही बसवणाऱ्याच्या आवडीने नव्हे, तर वापरणाऱ्याच्या अडचणी पाहून व्हायला हवी.

दोन सिस्टिम कशासाठी?

फक्त लिनक्स ठेवा, असे सांगणे सोपे आहे. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारून ते शक्य असल्याचे दाखवलेही आहे. सी-डॅकने २००७ मध्ये ‘बॉस’ हे भारतीय लिनक्स आणले, त्यात मराठीची सोय आहे. पण महाराष्ट्रात नोकरीच्या तयारीला लागलेल्या मुलाला एमएस-सीआयटी करावी लागते आणि तिचा सराव प्रामुख्याने विंडोज व एमएस ऑफिसवर होतो. काही जुने प्रिंटर-स्कॅनरही विंडोजवरच नीट चालतात. म्हणजे विंडोज हवे, पण अद्यतने बंद झालेल्या विंडोजवरून इंटरनेट वापरणे धोक्याचे. सरावासाठी विंडोज, इंटरनेटसाठी लिनक्स ही विभागणी त्यातून येते. विंडोजच्या पोटात लिनक्स चालवणारा ‘व्हर्च्युअल मशीन’चा पर्याय आहे, पण ४ जीबी रॅमच्या यंत्राला तो झेपत नाही. शिवाय बाहेरची असुरक्षित विंडोज तशीच राहते.

डिस्कची वाटणी म्हणजे काय?

शेताची वाटणी झाली तरी जमीन जागेवरच असते, सातबाऱ्यावर हिस्से वेगळे पडतात. डिस्कचेही तसेच आहे. कोणता हिस्सा कुठे सुरू होतो आणि किती मोठा आहे, याची नोंद एका तक्त्यात असते. ‘एमबीआर’ या जुन्या पद्धतीत हा तक्ता डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी अवघ्या ६४ बाइटांत मावतो. म्हणून त्यात चारच प्राथमिक हिस्से बसतात आणि साधारण २ टीबीपुढची जागा वापरता येत नाही. ‘जीपीटी’ या नव्या पद्धतीत सहसा १२८ हिस्स्यांची सोय असते आणि तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवली जाते. तक्ता बिघडला तर फायली डिस्कवर असूनही सापडत नाहीत. उतारा हरवलेल्या शेतासारखी ती अवस्था असते.

हिस्से किती आणि कसे?

५०० जीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ४६५ जीबी दिसते. त्यातले १३० विंडोजला आणि ६० लिनक्सला पुरेसे आहेत. उरलेल्या सुमारे २७५ जीबीचा तिसरा, सामायिक हिस्सा करावा आणि तो दोन्ही सिस्टिमना वाचता येईल अशा ‘एनटीएफएस’ प्रकारात ठेवावा. हा तिसरा हिस्सा सर्वांत महत्त्वाचा. जातीच्या दाखल्याचे स्कॅन, वनहक्क दाव्याची कागदपत्रे, शिष्यवृत्तीचे अर्ज, मुलांचे फोटो हे सारे तिथे असले, तर उद्या विंडोज किंवा लिनक्स पुसून पुन्हा बसवावे लागले तरी कागद वाचतात. पण सामायिक हिस्सा म्हणजे राखीव प्रत नव्हे. डिस्कच गेली तर तिन्ही हिस्से जातात. म्हणून कामाला हात लावण्याआधी सगळ्या फायलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर घ्यावी.

विंडोजचा हिस्सा लहान करायचा तो विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून. या वेळी फायली एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकवल्या जाऊ शकतात. मधेच वीज गेली तर नुकसान होऊ शकते आणि घाटाखालच्या पावसाळ्यात वीज जाणे कुणालाच नवे नाही. त्यामुळे हे काम पूर्ण चार्ज केलेल्या लॅपटॉपवर किंवा यूपीएसवरच व्हावे. ते नसेल, तर पाऊस सरेपर्यंत थांबण्यात काही बिघडत नाही.

बूट लोडर काय करतो?

कर्जतहून निघालेली गाडी खोपोलीला जाणार की लोणावळ्याला, हे रुळांचे सांधे ठरवतात. संगणक सुरू होताना ते काम बूट लोडर करतो. नव्या ‘यूईएफआय’ यंत्रांत डिस्कवर एक छोटा ईएफआय हिस्सा असतो आणि त्यात प्रत्येक सिस्टिमचा लोडर स्वतंत्र फोल्डरमध्ये राहतो. लिनक्ससोबत येणारा ‘ग्रब’ पडद्यावर यादी दाखवतो, ठरलेले सेकंद थांबतो आणि कुणी कळ दाबली नाही तर आधी ठरवलेली सिस्टिम सुरू करतो. ‘रीफाइंड’ हा दुसरा लोडर चित्रे दाखवतो. इंग्रजी यादी वाचता न येणाऱ्यांना तो सोपा जातो. तिसरा मार्ग म्हणजे वेगळी यादी न ठेवता, सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राला लागू असलेली कळ दाबून यंत्राचा स्वतःचा मेनू उघडणे. पण ही कळ प्रत्येक कंपनीची वेगळी आणि ती वेळेत दाबावी लागते. अनेक जण वापरणार असतील, तर हा मार्ग सोयीचा नाही.

आपोआप निवड कुणाची?

खरा निर्णय इथे आहे. अनेकदा विंडोज सवयीची म्हणून तीच आपोआप सुरू होणारी ठेवली जाते. बोरघाटातली रेल्वेची पद्धत याच्या उलट आहे. पळसदरी, जांबरुंग, ठाकुरवाडी, मंकी हिल असे टप्पे असलेल्या या घाटात उतरणाऱ्या गाड्यांसाठी ‘कॅच सायडिंग’ आहेत. तिथे सांधे एरवी चढणीवर जाऊन संपणाऱ्या बाजूच्या रुळाकडे लावलेले असतात. गाडी आधी थांबते, ती ताब्यात असल्याची खात्री पटते आणि मगच मुख्य मार्ग मिळतो. काहीच केले नाही तर गाडी सुरक्षित रुळावर जावी, हा त्यामागचा विचार.

संगणकालाही हेच लागू आहे. कळ न दाबणारा माणूस बहुधा नवखा असतो. सहावीतली मुलगी असेल किंवा पहिल्यांदाच ऑनलाइन अर्ज भरणारे आजोबा. त्यांच्यासमोर आपोआप उघडणारी सिस्टिम अद्यतने मिळणारी, म्हणजे लिनक्स असावी. विंडोज हवी असणारा एमएस-सीआयटीचा विद्यार्थी यादीतून ती निवडू शकतो. यादी निदान १० ते १५ सेकंद दिसावी. आणि त्या विंडोजला वाय-फायचा पासवर्ड देऊच नये.

अडते कुठे?

पाच जागा आधीच पाहून ठेवाव्यात. विंडोज जुन्या ‘लेगसी’ पद्धतीने आणि लिनक्स यूईएफआय पद्धतीने बसवले, तर ग्रबच्या यादीतून विंडोज सुरू होत नाही. दोन्ही एकाच पद्धतीने बसवावीत. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ती पूर्ण बंद होत नाही आणि सामायिक हिस्सा लिनक्समधून लिहिता येत नाही. ते बंद करावे. ‘बिटलॉकर’ चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून घ्यावी. ग्रबच्या २.०६ आवृत्तीपासून इतर सिस्टिम शोधण्याची सोय मुळात बंद असते, त्यामुळे यादीत विंडोज दिसली नाही तर ती पुसली गेली असे समजू नये. ती सोय चालू करावी. शेवटचे म्हणजे घड्याळ. यंत्रातली वेळ विंडोज स्थानिक मानते, लिनक्स जागतिक. सिस्टिम बदलली की घड्याळ साडेपाच तास इकडेतिकडे होते, ते एका सेटिंगने सुधारते.

एवढे करूनही बिघाड होतोच. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या एका सुरक्षा अद्यतनानंतर जगभर अनेक यंत्रांवरचे लिनक्स सुरू होईना आणि मायक्रोसॉफ्टने ती अडचण मान्यही केली. विंडोजला इंटरनेटपासून दूर ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

जबाबदारी कुणाची?

जुना संगणक देणगी देणे किंवा सुट्टीत येऊन तो ‘करून देणे’ इथे काम संपत नाही. बसवणारा मुंबई-पुण्याला परततो आणि यंत्र अडले की वाडीवरून ते पाठीवर घेऊन कर्जत किंवा खोपोली गाठावी लागते. म्हणून बसवण्याआधी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालवून वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर तपासावेत. काम झाल्यावर तोच पेनड्राइव्ह दुरुस्तीसाठी तिथेच ठेवावा. आणि एका कागदावर मराठीत लिहावे : कोणता हिस्सा कशासाठी, यादीत विंडोज कितवी, मेनूची कळ कोणती, फायली कुठे ठेवायच्या, राखीव प्रत कुणाकडे. हा कागद संगणकाशेजारी भिंतीवर चिकटवावा. पासवर्ड आणि रिकव्हरी की मात्र वेगळ्या कागदावर, शिक्षकांच्या किंवा घरातल्या मोठ्यांच्या हाती द्यावी.