गायक गेला, मग पुढे?

चंद्रपूरचा उन्हाळा कडक, एवढ्या एका गोष्टीवर आमच्या घरात एकमत आहे. बाकी सगळ्यावर वाद! परवा भाचा फ्रेडी मर्क्युरीवरून भांडला. पाचगणीच्या शाळेत शिकलेला हा फरोख बुलसारा पुढे 'क्वीन'चा गायक झाला आणि २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला. तेव्हा भाच्याचा जन्मही झालेला नव्हता. सुतक मात्र तो अजून पाळतो!

"मामा, फ्रेडी नाही तर क्वीन नाही. दुसऱ्याला उभं करून गाणं म्हणजे नुसता धंदा!"

मी म्हटलं, का रे बाप्पा, १९६८ साली तुकडोजी महाराज गेले, तेव्हा आपल्या चिमूरकडच्या मंडळींनी खंजिऱ्या खुंटीला टांगल्या का? महाराजांसारखा आवाज कुणाचाच नव्हता. तरी गावोगाव भजनं चालूच राहिली. ब्रायन मे आणि रॉजर टेलर दुसरा गायक घेऊन उभे राहिले, तर त्यांनी गेलेल्याची जागा विकली असं होत नाही. त्यांनी उरलेलं गाणं सांभाळलं. दुःख करावं, पण दुःखाचं कुलूप करून गाण्याला लावू नये!

भाचा शांतपणे म्हणाला, "मग तुमचं भजनी मंडळ दोन वर्षं बंद का?"

आमचे पेटीवाले गेले, तेव्हापासून त्यांची पेटी माझ्याच कपाटावर आहे, धोतरात गुंडाळलेली. एरवी मला उत्तर सुचतं. त्या रात्री मी पेटी खाली काढली. भाता नुसता फुसफुसला. सूर काही लागला नाही. पण गुरुवारी बसायचं ठरलं.