पुणेरी पलटणने कोच बदलला, मग नेमकं काय बदललं?

29 डिसेंबर 2024. प्रो कबड्डी लीगच्या अकराव्या हंगामाची फायनल बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झाली. हिंजवडीच्या आयटी पार्कपासून अगदी जवळ, ट्रॅफिक नसेल तर. मॅटवर होते हरियाणा स्टीलर्स आणि पाटणा पायरेट्स. आधीच्या हंगामाचा चॅम्पियन आणि घरचा संघ असलेला पुणेरी पलटण प्लेऑफमध्येसुद्धा नव्हता.

31 ऑक्टोबर 2025. बाराव्या हंगामाची फायनल. यावेळी पुणेरी पलटण मॅटवर होता, पण सामना दिल्लीत होता. त्या अख्ख्या हंगामात पुण्यात एकही सामना झाला नाही. विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत लीग खेळली गेली. म्हणजे फायनल घरी होती तेव्हा संघ नव्हता आणि संघ फायनलला गेला तेव्हा घरचं मैदान नव्हतं.

या दोन तारखांच्या मध्ये एक मोठा बदल झाला होता. बी. सी. रमेश यांच्या जागी अजय ठाकूर मुख्य प्रशिक्षक झाले होते. पुण्याने फायनल 28-31 अशी गमावली आणि नेहमीचा वाद सुरू झाला. कोचने संघ पुन्हा उभा केला, की हातातली ट्रॉफी घालवली? उत्तरासाठी थोडं मागे जावं लागेल.

चॅम्पियन संघ घसरला कसा?

2014 मध्ये लीग सुरू झाली तेव्हापासून पुणेरी पलटण तिच्यात आहे. पहिल्या दोन्ही हंगामांत संघ तळाला होता. खरा बदल दिसला तो 2022 मध्ये, रमेश यांच्या काळात. त्या वर्षी संघ पहिल्यांदा फायनलला गेला आणि जयपूरकडून 29-33 असा हरला. पुढच्याच हंगामात, 1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये हरियाणाला 28-25 असं हरवून पुण्याने पहिली ट्रॉफी उचलली. त्या हंगामात साखळीतल्या 22 पैकी 17 सामने जिंकले आणि फक्त 2 गमावले. कर्णधार अस्लम इनामदार लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

मग लिलाव आला. इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलू 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडे गेला. अकराव्या हंगामात अस्लमला दुखापत झाली. 22 पैकी फक्त 9 विजय मिळाले आणि संघ आठव्या क्रमांकावर राहिला. कोच तेच, पद्धत तीच, निकाल मात्र उलटा. म्हणजे घसरणीचं सगळं खापर एकट्या कोचवर फोडता येत नाही. आता हेच लक्षात ठेवून नव्या कोचकडे बघू.

अजय ठाकूर कोण?

2016 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये अहमदाबादला भारत इराणविरुद्ध मागे पडला होता, तेव्हा सामना फिरवणारा चढाईपटू म्हणजे हिमाचलचा अजय ठाकूर. त्या स्पर्धेत सर्वाधिक चढाई गुण त्यांचेच होते. 2019 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याला ते नवे नव्हते, कारण तिसऱ्या आणि चौथ्या हंगामात ते पुणेरी पलटणकडूनच खेळले होते. पण प्रो कबड्डीत मुख्य प्रशिक्षक म्हणून त्यांची ही पहिलीच जबाबदारी होती.

मोठा खेळाडू मोठा कोच होतोच असं नाही. अनुप कुमार यांचंच बघा. 2016 चा वर्ल्ड कप जिंकणारे ते कर्णधार. सातव्या हंगामात ते पुण्याचे कोच झाले आणि संघ प्लेऑफपर्यंतही पोहोचला नाही. त्यामुळे ठाकूर यांच्या नावाचं वलय होतं, तसाच धोकाही होता.

पहिलाच सामना, समोर जुना कोच

रमेश पुणे सोडून बंगळुरू बुल्सचे कोच झाले होते. 29 ऑगस्ट 2025 रोजी विशाखापट्टणममध्ये पुण्याचा पहिला सामना पडला तो त्यांच्याच संघाशी. 40 मिनिटांनंतर स्कोअर होता 32-32.

आधीच्या हंगामांत इथे दोन्ही संघांना प्रत्येकी 3 गुण देऊन विषय संपला असता. बाराव्या हंगामापासून नियम बदलले. विजयाला 2 गुण आणि पराभवाला शून्य. थोड्या फरकाने हरल्यावर मिळणारा एक गुणही गेला. बरोबरी झाली तर टायब्रेकर, म्हणजे दोन्ही संघांना पाच-पाच चढाया आणि प्रत्येक चढाईला वेगळा खेळाडू.

इथे कोचची परीक्षा असते. एका स्टार चढाईपटूच्या जिवावर चालणारा संघ टायब्रेकरमध्ये अडकतो, कारण तो स्टार एकदाच जाऊ शकतो. बाकी चार कोण, कोणत्या क्रमाने, हे बाकावरून ठरतं. पुण्याने तो टायब्रेकर 6-4 असा जिंकला.

कोचच्या हातात असतं तरी काय?

कबड्डीत चढाई 30 सेकंदांची असते. त्या 30 सेकंदांत कोच काही करू शकत नाही. त्याचं काम त्याआधीचं. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी ‘डू ऑर डाय’ असते. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. ती कोणी करायची? आघाडी असताना घड्याळ चालू द्यायचं की लोण चढवायला जायचं? बचावात तीनच खेळाडू उरले असताना सुपर टॅकलची जोखीम घ्यायची का? हे निर्णय सरावात मुरलेले नसतील तर टाइमआउटमध्ये सांगून उपयोग होत नाही.

ठाकूर यांच्याकडे संघ होता तो बराचसा आधीच घडलेला. अस्लम, पंकज मोहिते, गौरव खत्री, अबिनेश नादराजन हे पुण्यात आधीपासूनच होते. लिलावातली सर्वात महागडी नावं दुसरीकडे गेली. शादलूला गुजरातने 2 कोटी 23 लाखांना घेतलं, देवांकला बंगालने 2 कोटी 20 लाखांच्या पुढे जाऊन घेतलं. यातला एकही संघ पहिल्या आठात आला नाही. पुण्याने मात्र 18 पैकी 13 सामने जिंकले आणि साखळीत पहिला क्रमांक पटकावला.

प्लेऑफमध्ये फरक आणखी स्पष्ट दिसला. तेलुगू टायटन्सविरुद्धच्या दुसऱ्या क्वालिफायरमध्ये पुणे सुरुवातीला मागे पडलं होतं. तिथून सामना 50-45 असा फिरवला तो आदित्य शिंदेने, 22 गुण घेऊन. एवढ्या मोठ्या सामन्यात तरुण चढाईपटूला पुन्हा पुन्हा मॅटवर पाठवणं हा बाकावरचाच निर्णय असतो.

मग अडलं कुठे?

अडलं ते दबंग दिल्लीपाशी. साखळीत दोघांचे गुण सारखेच होते. पहिल्या क्वालिफायरमध्ये स्कोअर 34-34 झाला आणि यावेळी टायब्रेकर पुण्याने 4-6 असा गमावला. फायनलला पुन्हा तेच दोन संघ. पहिल्या हाफला दिल्ली 20-14 ने पुढे. दुसऱ्या हाफमध्ये पुण्याने 14 गुण घेतले, दिल्लीने 11. म्हणजे दुसरा हाफ पुण्याचा होता, पण पहिल्या हाफमधली तूट पूर्ण भरून निघाली नाही.

अखेरच्या टप्प्यात पुण्याला रोखणाऱ्या बचावात होता फजल अत्राचली, 2022 च्या फायनलमध्ये पुण्याचा कर्णधार असलेला. दिल्लीचे कोच होते जोगिंदर नरवाल, ज्यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीने आठवा हंगाम जिंकला होता. त्या विजेत्या संघात अजय ठाकूरही होते. एकेकाळचे सहकारी समोरासमोरच्या बाकांवर, आणि मध्ये तीन गुणांचा फरक.

हंगामाला पास म्हणायचं की नापास?

विजयाची टक्केवारी काढली तर दहाव्या हंगामात पुण्याने सुमारे 77 टक्के सामने जिंकले, अकराव्यात 41 आणि बाराव्यात 72 टक्के. फॉरमॅट वेगळे आहेत, त्यामुळे तुलना तंतोतंत नाही. तरी दिशा कळते: संघ चॅम्पियन असताना जिथे होता, त्याच्या जवळ परत आला.

याचं सगळं श्रेय ठाकूर यांना देणं जसं घाईचं, तसंच फायनलचा सगळा दोष त्यांना देणंही. रमेश यांनी जी पोरं घडवली ती ठाकूर यांना मिळाली. ठाकूर यांनी ती मोडून नवीन काही उभारायचा हट्ट धरला नाही. हिंजवडीत ज्यांनी नवा मॅनेजर आल्या आल्या चालू प्रोजेक्ट उलटापालटा होताना पाहिलाय, त्यांना ही गोष्ट किती दुर्मिळ आहे हे वेगळं सांगायला नको.

आणि रमेश? पुण्याने ज्यांना निरोप दिला, त्यांचे बुल्स बाराव्या हंगामात साखळीत तिसरे आले. म्हणजे कोच बदलण्याचा फायदा पुण्याला झाला तसा बंगळुरूलाही झाला. दोन्ही कोच चांगले असू शकतात, आणि तरीही एका वेळी एका संघाला त्यातला एकच उपयोगी पडतो.

ठाकूर यांच्यापुढचं काम मात्र आता नेमकं ठरलंय. दिल्लीविरुद्धचे दोन्ही मोठे सामने अगदी थोडक्यात गेले, एक टायब्रेकरमध्ये आणि एक तीन गुणांनी. पुढच्या हंगामात पुणेरी पलटणचा सामना बघाल तेव्हा स्कोअर जवळ-जवळ असताना शेवटची पाच मिनिटं नीट बघा. डू ऑर डायला कोण जातोय, बचाव किती घाई करतोय आणि टाइमआउट कधी घेतला जातोय, यावरून ठाकूर 2025 मधून काय शिकले ते कळेल. आणि हो, बालेवाडीला सामने परत आले, तर हे सगळं मोबाइलवर बघायची गरजही पडणार नाही.