अंगणाला फरशी, तुळशीला कुंडी

नव्या घराची वास्तुशांत आटोपली की यजमान पाहुण्यांना घर दाखवतात. स्वयंपाकघरातील ओटा, देवघराचा संगमरवर, गच्चीवरील पाण्याची टाकी असे करत करत सारे अंगणात येतात. तेथे पाहण्याजोगे एकच असते : लाल आणि करड्या पेव्हर ब्लॉकची नक्षी. कुंपणाच्या भिंतीपासून पायरीपर्यंत मातीचा ठिपकाही उरलेला नसतो. ‘चिखल नाही, कचरा नाही, एकदा नळी मारली की स्वच्छ,’ असे गृहस्वामी अभिमानाने सांगतात. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या कुंडीत तुळस असते आणि गृहिणीची तक्रारही ठरलेली असते, ‘आमच्याकडे तुळस टिकतच नाही हो.’

अंबाजोगाईच्या कोणत्याही नव्या वसाहतीत हे दृश्य पाहायला मिळते. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आणि योगेश्वरीचे ठाणे ज्या गावात आहे, तेथील हिंदू घराने दारातली माती स्वखर्चाने गाडून टाकावी, याचे कोणाला वैषम्य वाटत नाही. संस्कृतीवरील आक्रमणाची चर्चा मात्र बैठकीत तासभर रंगते. हे आक्रमण बाहेरून कोणी केलेले नाही. ठेकेदार आपला, पैसा आपला आणि हौसही आपलीच.

जुन्या गावातील वाड्यांना परसू असे. न्हाणीचे पाणी पन्हाळीतून कर्दळीला आणि अळूला जाई, उरलेले केळीला. आडाच्या कडेला लिंबू, भिंतीशी अडुळसा, मागच्या दाराशी कढीलिंब आणि शेवगा, दर्शनी बाजूला पारिजातक. ही झाडे कोणी शोभेसाठी लावलेली नव्हती. खोकला झाला की अडुळसा, फोडणीला कढीलिंब, पूजेला जास्वंद. मुख्य म्हणजे यातील बहुतेक झाडे बारमाही. हिवाळ्यात कुंडीभर शेवंती किंवा पिटुनिया आणायचा आणि उन्हाळ्यात रिकाम्या कुंड्या गच्चीवर रचायच्या, हा प्रकार त्या घरांना ठाऊक नव्हता. एकदा लावलेले झाड सुनेच्या सुनेने तोडायचे, असा तो हिशेब होता.

हिंदूंचे सण अशा बारमाही झाडांच्या आधारानेच उभे आहेत. ज्येष्ठात वड, श्रावणात मंगळागौरीची आणि भाद्रपदात गणपतीची पत्री, आश्विनात शमी आणि आपटा, कार्तिकात तुळशीचे लग्न आणि आवळीभोजन. आज यातले काय उरले आहे? वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात आणि पतीच्या दीर्घायुष्यासाठी मरू घातलेल्या फांदीला सूत गुंडाळले जाते. पत्रीच्या जुडीत रस्त्याकडेचा जो पाला हाती लागेल तो कोंबलेला असतो. विकणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. घेणाऱ्याला तरी शमी आणि बाभूळ वेगळी ओळखता येते कोठे? दसऱ्याला तर आपटा म्हणून कांचनाची पाने सर्रास वाटली जातात आणि त्यासाठी कांचनाची झाडे ओरबाडली जातात. बालाघाटाच्या मुरमाड उतारावर आपटा कोणी न लावता वाढतो. त्या डोंगराच्या कुशीतील माणसाने खोटे सोने वाटावे, याहून मोठे दारिद्र्य कोणते?

तुळशीबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. तथाकथित पुरोगाम्यांनी तुळशीच्या प्रदक्षिणेची यथेच्छ टिंगल केली. तिला उत्तर म्हणून आपल्याच मंडळींनी एक विज्ञानकथा रचली : तुळस चोवीस तास प्राणवायू सोडते. हे असत्य आहे. हिरवी वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू देते, रात्री तीही श्वासोच्छ्वासच करते; तुळस त्याला अपवाद नाही. वृंदावनाची थोरवी सिद्ध करण्यासाठी खोटा दाखला द्यावा लागत असेल, तर श्रद्धाच डळमळीत आहे असे म्हणावे लागेल. शिवाय असे दाखले मोबाइलवर पुढे पाठवणाऱ्या घरातच तुळस वाळते. त्यामागे ना वास्तुदोष आहे ना कोणाची दृष्ट. प्लॅस्टिकच्या कुंडीचे भोक बुजलेले असते आणि घरातील प्रत्येकजण श्रद्धेने तांब्या ओततो, मुळे कुजतात. त्यात हळदकुंकू, दूध आणि अक्षतांचा थर चढतो. निरांजनाची ज्योत खालची पाने करपवते. मंजिऱ्या खुडायच्या नाहीत, ते पाप, असा एक गैरसमज. वास्तविक मंजिऱ्या पिकू दिल्या की रोप आपले कार्य संपवून वठू लागते. मंजिऱ्या वेळीच खुडल्या, बुंध्याशी महिन्याकाठी मूठभर शेणखत दिले, माती वरून कोरडी झाल्यावरच पाणी घातले, तर तुळस दोन-तीन वर्षे सहज टिकते आणि खाली पडलेल्या बियांतून वारसदारही उगवतात. पण ते उगवायला खाली माती लागते.

पाण्याचे कारण पुढे केले जाते. ‘टँकर विकत घेणाऱ्याने झाडे कशाला लावायची?’ मराठवाड्यात हा प्रश्न उडवून लावण्याजोगा नाही. धनेगावचे मांजरा धरण आटले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अंबाजोगाईची तहानही त्याच धरणाशी बांधलेली आहे. पण थोडा हिशेब करावा. हजार चौरस फुटांच्या अंगणावर सातशे मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी पासष्ट हजार लिटर भरते. दहा हजार लिटरचे साडेसहा टँकर. उघड्या मातीतही हे सारे मुरत नाही, काही वाहते, काही वाफ होते. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतून त्याहून थोडे, आणि सिमेंटच्या कोब्यातून काहीच मुरत नाही. तेच पाणी गटारात सोडून गृहस्वामी फेब्रुवारीत बोअर आणखी शंभर फूट खोल नेतो. झाड पाणी पिते हे खरे, परंतु त्याची मुळे जमीन सच्छिद्रही करतात. बारमाही झाडाला खरी जपणूक लागते ती पहिले दोन उन्हाळे. खोडापासून वीतभर अंतरावर मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून ते चार दिवसांनी भरले, आळ्यात वाळलेल्या पाल्याचा चार बोटे थर दिला, की लिंबूसुद्धा वैशाख काढते. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी प्रत्येक घरात रोज बादलीभर निघते. त्याला पन्हाळीऐवजी ड्रेनेज दाखवणारी पिढी पाणीटंचाईवर बोलते, तेव्हा हसू येते.

दुसरा आक्षेप कचऱ्याचा. पान गळले की तो कचरा, ही समजूत कोठून आली कोण जाणे. सकाळी सकाळी हा पाला गोळा करून पेटवला जातो, शेजारच्या दमेकऱ्याला धूर आणि घरच्या झाडाला उपास. सापाचीही भीती सांगितली जाते; साप उंदरांमागे येतो आणि उंदीर अडगळीमागे, मोगऱ्यामागे नव्हे.

स्वदेशी झाडांचा आग्रह धरणाऱ्यांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. बीडच्या ज्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे मूळ अमेरिका खंडात आहे. दसऱ्याच्या तोरणातील झेंडूही तिकडचाच. म्हणून ते परके ठरतात काय? ज्या समाजाने परदेशी फळाला सीतेचे नाव दिले आणि बालाघाटाच्या रानात त्याला पसरू दिले, त्याची पचनशक्ती थोर होती. वैर आहे ते दुसऱ्या जातीच्या पाहुण्यांशी. १९५० च्या दशकात आयात गव्हाबरोबर आले असे मानले जाणारे गाजरगवत रिकाम्या प्लॉटवर माजते (लोकांनी त्याला ‘काँग्रेस गवत’ हे नाव ठेवले, त्यात वनस्पतिशास्त्राहून अधिक काही असावे). आता कोनोकार्पसच्या हिरव्यागार भिंती बंगल्यांभोवती उभ्या राहत आहेत. तिचे पान आपल्या पूजेला, औषधाला, पोटाला कशालाच उपयोगी नाही. गुजरात सरकारने २०२३ मध्ये वनविभागाच्या रोपवाटिकांत आणि लागवडीत या झाडाला बंदी केली. अंबाजोगाईत मात्र पारिजातकाच्या ठिकाणी तेच लावतात, कारण ते लवकर वाढते आणि फुले पाडून ‘घाण’ करीत नाही.

सरकारकडे बोट दाखवणे सोपे आहे. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी, असे राज्याचे वृक्षलागवडीचे संकल्प होते. त्यातील जगली किती, यावर पुढे वाद झाले. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, ते खड्डा मोजते. तिसऱ्या उन्हाळ्यात बादली घेऊन येत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये बीडजवळ पालवणला वृक्षसंमेलन भरले आणि त्याचे अध्यक्षपद वडाला दिले गेले. कल्पना सुरेख होती. अध्यक्षांना घराच्या अंगणात जागा देता येत नाही, वड-पिंपळ पायाला धोका करतात, हेही खरे. पण कार्यकारिणीला तरी जागा द्यावी!

ती किती लागते? दासोपंतांनी याच अंबाजोगाईत ज्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले, ते कापड सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. पंचमहाभूतांचे विवेचन एका कापडावर मावले. कुंपणाच्या कडेने तेवढीच, चाळीस फूट बाय चार फुटांची मातीची पट्टी राखली, तर तीत पारिजातक, कढीलिंब, लिंबू, जास्वंद, अडुळसा, तीन मोगरे आणि तुळशी बसतात. गाडी लावायला उरलेले अंगण राहतेच. मोगऱ्याला पौष-माघात पाणी तोडून छाटणी द्यावी, चैत्रात तो कळ्यांनी भरतो. शेवगा लावला तर तो हाताला येईल एवढाच राखावा. काळ्या मातीत झाड उन्हाळ्याहून अधिक श्रावणात मरते, पाणी साचून. खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळावे, बुंधा किंचित उंच ठेवावा. सल्ल्यासाठी दूर जाण्याचेही कारण नाही. नानाजी देशमुखांच्या दीनदयाळ शोध संस्थानाचे कृषी विज्ञान केंद्र अंबाजोगाईतच आहे. नानाजींच्या जन्मशताब्दीचे कार्यक्रम उत्साहाने करणाऱ्या किती घरांनी त्या केंद्राचे दार पाहिले आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

आणि पेव्हर ब्लॉक काढायचे कसे, ही चिंता नको. ते बहुधा वाळूवर नुसते बसवलेले असतात. पहारेने एक उचकटला की पुढचे हाताने निघतात. काम फाल्गुनात करावे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी खड्डा पुरता तापतो. निघालेले ठोकळे उभे लावले तर आळ्याची कडही होते.