पांडवांच्या खात्यावर जमा

वनवासात पांडवांना दुसरे काहीच काम नव्हते, असा महाराष्ट्रातल्या तमाम सहलवाल्यांचा ठाम समज आहे. डोंगरात भोक दिसले की ते पांडवांनी केले. तेही एका रात्रीत. आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धवट टाकून पुढच्या डोंगराकडे गेले. या हिशेबाने त्या पाच भावांनी जेवढा दगड फोडला, तेवढा आपल्या सगळ्या पंचवार्षिक योजना मिळूनही फुटला नसेल!

आमच्या नाशिकच्या वाट्याला आलेले त्यांचे बांधकाम म्हणजे पांडवलेणी. शहरापासून आठेक किलोमीटर, मुंबई-आग्रा रस्त्यालगत. डोंगराचे जुने नाव त्रिरश्मी. पायथ्याशी फाळके स्मारक, मग दोनशेच्या आसपास पायऱ्या, वर ओळीने चोवीस लेणी आणि समोर अख्खे नाशिक पसरलेले. आमच्या शाखेची सहल श्रावणात तिथेच जाते, कारण वर्गणी कमी बसते.

वर पोचलेला सहलवाला आधी धापा टाकतो. मग लेण्यांकडे पाठ करून आपले घर कुठे दिसते ते शोधतो. घर दिसत नाही, पण शेजाऱ्याची पाण्याची टाकी दिसल्याचा भास होतो. मग फोटो. मग भिक्षूच्या खोलीतल्या दगडी ओट्यावर आडवे होऊन, "भीम इथं मावला कसा हो?" ही शंका. ती फिटायच्या आत खाली जाऊन बटाट्याची भाजी आणि पुऱ्या.

देखावा बघू नये असे माझे म्हणणे नाही. पण ज्या भिंतीला तुम्ही पाठ टेकता, तिच्यावर काय लिहिले आहे ते एकदा तरी विचाराल की नाही? मला ब्राह्मी येत नाही. मी बी.कॉम. आहे. पण सेनार नावाच्या फ्रेंच पंडिताने हे लेख 1905-06 च्या 'एपिग्राफिया इंडिका'त अर्थासकट छापून ठेवले आहेत, आणि आकडे तर कुठल्याही लिपीतले असोत, आम्हाला कळतात.

दहाव्या लेण्याच्या व्हरांड्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचा एक लेख आहे. वय अठराशे वर्षांच्या वर. त्याने भिक्षूंसाठी 3000 कार्षापण दिले. दिले म्हणजे हातात नाही दिले, गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. एकीकडे 2000, दरमहा शेकडा एक. दुसरीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल कधीही काढायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रासाठी वर्षाला प्रत्येकी बारा कार्षापण. आता करा हिशेब: 2000 वर 12 टक्के म्हणजे 240, आणि वीस गुणिले बाराही 240. पैशाचा फरक नाही! पुन्हा हे सगळे निगमसभेत वाचून दाखवून दप्तरात नोंदवले आहे. आमच्याकडे व्हाउचरवर तारीख असली तरी आम्ही पेढे वाटतो.

आणि सगळेच काही राजाचे जावई नव्हते. धंबिक गावच्या लोकांच्या दानाची नोंद आहे. आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी तेल्यांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या ठेवीची आहे. आणि एक आहे दशपूरचा वुधिक. धंदा लेखकाचा. लेखक म्हणजे कादंबरीकार नव्हे हो, लिहिण्याचे काम करणारा, तुमच्या-माझ्या भाषेत कारकून! या कारकुनाने एक लेणे आणि पाण्याची दोन टाकी दान केली. इथे मला दोन खोल्यांच्या फ्लॅटचे हप्ते फेडताना निवृत्तीचे वय येईलसे दिसते आहे, आणि त्यात पाणी एक दिवसाआड.

या वुधिकाच्या शेजारीच हल्लीचे बहाद्दर खिळ्याने आपले नाव आणि एक बाण मारलेला बदाम काढून ठेवतात. त्याने दोन टाकी देऊन नाव कोरले, हे भेळेचा कागद देऊन कोरतात.

गेल्या सहलीत हे सगळे मी पायरीवर बसून सांगितले, तेव्हा आमचे हेडकॅशियर म्हणाले, "अहो साहेब, लोकांची श्रद्धा असते. पांडवांनी केलं म्हटलं तर बिघडलं कुठं?"

बिघडले कुठे? मी विचारले, "एखाद्या म्हातारबुवांनी जन्मभर साठवलेली रक्कम तुम्ही दुसऱ्याच्या खात्यावर जमा केलीत, आणि ते काउंटरवर आले की 'अहो, पैसे बँकेतच आहेत ना, मग बिघडलं कुठं' म्हणालात, तर?"

"सस्पेंड होईन."

"मग विणकर, तेली आणि वुधिक काउंटरवर येऊ शकत नाहीत म्हणून सूट? पांडव थोर होते, मान्य. पण या शाखेत त्यांचं खातं नाही."

हेडकॅशियर बराच वेळ गप्प होते. समोर ढग बाजूला होऊन नाशिक स्वच्छ दिसू लागले होते, सगळी मंडळी कठड्याकडे धावली. हे मात्र उलटे फिरून दहाव्या लेण्याकडे निघाले. मला वाटले, नमस्कार करायला चालले असावेत.

"एक सांगा," मागे वळून त्यांनी विचारले, "एकीकडे बारा टक्के मिळत होते, तर यानं हजार रुपये नऊ टक्क्यांनी का ठेवले?"

यावर पायथ्यापर्यंत वाद झाला. पुऱ्या गार झाल्या.