कॅन्सर बरा झाला, पण विम्याचा फॉर्म विसरत नाही

ऑनलाइन टर्म इन्शुरन्स घेताना एक प्रश्न येतोच: तुम्हाला कधी कॅन्सर झाला होता का? ‘हो’ केलं की बहुतेक वेळा झटपट पॉलिसी मिळत नाही. केस अंडररायटरकडे, म्हणजे जोखीम तपासणाऱ्याकडे जाते. मग जुने रिपोर्ट, जास्त प्रीमियम, ‘काही वर्षं थांबा’ किंवा सरळ नकार.

मग ‘नाही’वर टॅप करायचं? अजिबात नको. विमा कायदा १९३८ च्या कलम ४५ नुसार पहिल्या ३ वर्षांत लपवाछपवी उघड झाली, तर कंपनी क्लेम नाकारू शकते. फटका बसतो घरच्यांना.

सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून मला खटकतो तो ‘कधी’ हा शब्द. आठव्या वर्षी ल्युकेमियातून बरी झालेली मुलगी अठ्ठाविसाव्या वर्षी फॉर्म भरते, तरी उत्तर ‘हो’च. फ्रान्समध्ये २०२२ च्या कायद्याने उपचार संपून ५ वर्षं झाली आणि आजार उलटला नाही, तर कर्जाच्या विम्यासाठी कॅन्सर सांगावाच लागत नाही. कोडमध्ये ही फक्त तारखेची एक अट आहे. आपल्याकडे असा कायदा नाही.

तोवर काय कराल? बायोप्सी, डिस्चार्ज आणि फॉलो-अपचे कागद स्कॅन करून ठेवा. एकीकडे नकार आला तर दुसरीकडे विचारा. ऑफिसच्या ग्रुप टर्म विम्यात ठराविक रकमेपर्यंत बऱ्याचदा मेडिकल लागत नाही, तो नक्की घ्या. फक्त लक्षात ठेवा, नोकरी सुटली की साधारणपणे तोही सुटतो.