विश्लेषण : गव्हाच्या युरियाचा हिशेब पाण्याच्या तारखेवर

रब्बीत कृषी सेवा केंद्रांपुढे दरवर्षी एकच चर्चा असते. युरिया आला का आणि किती गोण्या मिळणार? गव्हाच्या उत्पादनाचा प्रश्न असा गोण्यांच्या आकड्यावर येऊन थांबतो. प्रत्यक्षात तीच गोणी एका शेतात दाणे भरते आणि दुसऱ्या शेतात उभे पीक लोळवते. फरक पडतो तो पाणी कधी आणि किती मिळाले यामुळे.

पहिले पाणी इतके महत्त्वाचे का?

पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांत गव्हाला मुकुटमुळे फुटतात. फुटवे आणि पुढे ओंब्यांची संख्या त्यांच्यावर अवलंबून असते. वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला राज्यात हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस आहे; निम्मे पेरताना आणि निम्मे याच पहिल्या पाण्याच्या वेळी. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत सुमारे 20.7 किलो नत्र असते. म्हणजे सगळे नत्र युरियातूनच दिले तरी एकरी अडीच गोण्यांच्या आत काम भागते. शेजाऱ्याने टाकली म्हणून टाकलेली चौथी गोणी या हिशेबात कुठेच बसत नाही.

दुसरा हप्ता पाण्याशी जोडलेला आहे, त्यालाही कारण आहे. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत युरिया वरच पडून राहिला तर त्यातले बरेच नत्र अमोनिया होऊन हवेत जाते. उलट वाफा तुडुंब भरला तर ते पाण्याबरोबर मुळांच्या खाली झिरपते.

पाणी कमी असेल तर?

दोन पाणी शक्य असतील तर 20 ते 22 आणि 60 ते 65 दिवसांनी, एकच असेल तर 40 ते 42 दिवसांनी द्यावे, अशी शिफारस आहे. पहिल्या पाण्याचे एवढे महत्त्व सांगून एकुलते पाणी उशिरा का, असे वाटेल. पण भारी जमिनीतल्या ओलीवर रोप सुरुवातीला निभावून नेते. कांडी धरताना मात्र त्याची गरज झपाट्याने वाढते. अशा शेतात नत्रही कमीच हवे. जिरायती गव्हाला हेक्टरी 40 किलो नत्र सुचवले जाते. जास्त दिले तर पाला माजतो, तो ओल लवकर संपवतो आणि दाणा भरायच्या वेळी जमीन कोरडी पडते. पीक दिसायला हिरवेगार आणि दाणा मात्र चिमलेला, हा प्रकार अनेकदा असाच घडतो.

उत्पादन वाढले की प्रत घसरते?

घसरू शकते. गव्हातील नत्राला 5.7 ने गुणले की प्रथिनांचा आकडा मिळतो. हेक्टरी 40 क्विंटल उत्पादनात 12 टक्के प्रथिने असतील, तर दाण्यात सुमारे 84 किलो नत्र गेलेले असते. पाणी भरपूर मिळून उत्पादन 50 क्विंटलवर गेले, पण दाण्यात पोहोचलेले नत्र तेवढेच राहिले, तर प्रथिने 9.6 टक्क्यांवर येतात. पोळीच्या कणकेची लवचीकता प्रथिनांवरच अवलंबून असते. बन्सी गव्हात नत्र कमी पडले की काचेसारख्या दाण्यावर पिठाळ, पिवळसर डाग दिसतात. फुलोऱ्याच्या आसपास नत्राचा छोटा हप्ता दिल्यास प्रथिने वाढतात, मात्र उत्पादनात फारशी भर पडत नाही.

मग शेतकऱ्याने तो खर्च का करावा? 2025-26 च्या विपणन हंगामात गव्हाचा हमीभाव क्विंटलला 2,425 रुपये होता. सरकारी खरेदीत ओलावा, काडीकचरा, चिमलेले आणि तुटके दाणे तपासतात, प्रथिने नाहीत. बाजार समितीतही गहू हातावर घेऊन रंग आणि चकाकीच पाहिली जाते. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात प्रथिनांवर प्रत ठरते व भावही. आपल्याकडे तशी मोजणी होत नाही तोवर प्रतीसाठी जादा नत्र देण्याचा सल्ला शेतकऱ्याने कानाआड केला, तर त्यात त्याची चूक नाही.

आवर्तनाचे काय?

10 नोव्हेंबरला पेरलेल्या गव्हाला 1 डिसेंबरच्या सुमारास पाणी हवे. कालव्याचे आवर्तन मात्र धरणातला साठा आणि कालवा सल्लागार समितीची बैठक यांवर ठरते. ते 10 दिवस लांबले तर ज्याच्या विहिरीला पाणी नाही, तो युरियाची गोणी घरात ठेवून वाट पाहतो. खताच्या नियोजनासाठी कृषी विभाग पेरणीचे आकडे दर आठवड्याला गोळा करतोच. तेच आकडे आवर्तनाची तारीख ठरवतानाही समितीपुढे ठेवायला जादा खर्च येणार नाही.